रुग्णतपासणीच्या शिक्षणात चित्रफितीचे स्थान

वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात रुग्णतपासणी शिकवताना शिक्षकांसमोर येणारी पहिली अडचण अगदी साधी, म्हणजे दिसण्याची असते. तुकडीतील पंधरा-वीस विद्यार्थी एका कॉटभोवती उभे राहिले की पुढच्या चार-पाच जणांना शिक्षकांचा हात दिसतो आणि उरलेल्यांना पुढच्यांच्या पांढऱ्या कोटांच्या पाठी. प्रात्यक्षिक पुन्हा करून दाखवावे तर रुग्ण दमलेला असतो, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच पोटावर हात ठेवू द्यावा तर तो आजारी माणसावर अन्याय ठरतो. चित्रफीत, म्हणजे व्हिडिओ, या ठिकाणी खरोखर उपयोगी पडते, कारण तिच्यामुळे एकच प्रात्यक्षिक प्रत्येकाला पहिल्या रांगेतून, हवे तितक्या वेळा आणि रुग्णाला त्रास न देता पाहता येते. मात्र तिच्यामुळे वाचलेला वेळ वॉर्डातच, विद्यार्थ्यांचा हात सुधारण्यासाठी खर्च झाला तरच ती फायद्याची ठरते. वॉर्डातील तास कमी करण्याची सबब म्हणून जेथे चित्रफिती वापरल्या जातात तेथे त्या नसलेल्या बऱ्या.

हा इशारा देण्यास इतिहासातही आधार आहे. छातीवर बोटांनी ठोकून आतील पोकळी हवेने भरली आहे की पाण्याने हे ओळखण्याची पद्धत, जिला पर्कशन किंवा ताडन म्हणतात, व्हिएन्नातील लिओपोल्ड औएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये ग्रंथ लिहून जगापुढे मांडली. पण तो ग्रंथ जवळजवळ अर्धे शतक दुर्लक्षित राहिला. पॅरिसमधील कोर्व्हिसार यांनी ती पद्धत स्वतः रुग्णांवर वापरली, विद्यार्थ्यांना खाटेजवळ शिकवली आणि १८०८ मध्ये त्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे ती रूढ झाली. १८१६ मध्ये स्टेथोस्कोप तयार करणारे लेनेक हे याच कोर्व्हिसार यांचे विद्यार्थी होते.

चित्रफीत कोठे वापरावी हे ठरवण्यासाठी तपासणीच्या चार अंगांचा वेगवेगळा विचार करावा लागतो. निरीक्षण, स्पर्शतपासणी म्हणजे पॅल्पेशन, ताडन आणि श्रवण म्हणजे ऑस्कल्टेशन ही ती चार अंगे होत. यांपैकी निरीक्षण कॅमेऱ्याला सर्वाधिक मानवते. पार्किन्सनच्या आजारातील संथ, पाय घासत जाणारी चाल, अर्धांगवायूच्या रुग्णाचे पाय अर्धवर्तुळात फिरवत चालणे, तळपायावर ओरखडा काढल्यावर अंगठ्याचे वर जाणे, थायरॉइडचे कार्य मंदावल्यावर घोट्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेनंतर स्नायूंचे रेंगाळत सैल होणे, या सगळ्या गोष्टी शब्दांत सांगून कळत नाहीत आणि चित्रफितीत काही सेकंदांत कळतात. शेवटचे लक्षण तर सामान्य वेगाने एकदा आणि धिम्या गतीने एकदा, शेजारी निरोगी माणसाच्या घोट्यासह दाखवले, तर ते विद्यार्थ्यांच्या कायमचे लक्षात राहते.

मानेतील शिरेचा दाब पाहण्याची तपासणी हे या वर्गातील आणखी एक उत्तम उदाहरण आहे. रुग्णाचे धड साधारण ४५ अंशांत टेकवून, मान किंचित डावीकडे वळवून, उजवीकडील आतल्या शिरेतील लहर छातीच्या हाडावरील उंचवट्यापासून किती सेंटिमीटर उभ्या उंचीवर आहे हे पाहायचे असते; ती उंची ३ ते ४ सेंटिमीटरहून अधिक असेल तर दाब वाढलेला समजतात. शिरेची लहर हलकी आणि दुहेरी असते व मानेच्या मुळाशी बोटाने दाबले की ती नाहीशी होते, तर शेजारच्या कॅरोटिड धमनीचा ठोका बोटाला लागतो आणि तसा दाबून जात नाही. हा फरक वीस विद्यार्थ्यांना एकाच वेळी दाखवणे वॉर्डात अशक्यप्राय असते, आणि तिरप्या उजेडात जवळून केलेल्या चित्रीकरणात तो सहज दिसतो. ज्या वॉर्डात कॉटचा डोक्याकडचा भाग उचलता येत नाही तेथे उशा रचून किंवा पाठटेकणी लावून ४५ अंश कसे साधावेत हेही चित्रफितीत दाखवावे, कारण विद्यार्थ्यांना पुढे काम करायचे आहे ते अशाच कॉटवर.

श्रवणाच्या बाबतीत चित्रफीत निम्मीच उपयोगी आहे. स्टेथोस्कोप कोठे ठेवावा, त्याची घंटा कधी आणि पडदा कधी वापरावा, कोणत्या वेळी रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावे, हे चित्रातून कळते. आवाज मात्र मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून ऐकवणे व्यर्थ असते, कारण हृदयाचे ध्वनी कमी कंपनसंख्येचे असतात, त्यातही तिसरा ध्वनी फारच खालचा, आणि नेमके तेच ध्वनी तो स्पीकर नीट उमटवू शकत नाही. म्हणून ध्वनी डिजिटल स्टेथोस्कोपने नोंदवून घ्यावेत आणि ते चांगल्या इअरफोननेच ऐकावेत अशी सूचना चित्रफितीच्या सुरुवातीलाच द्यावी. ताडनात मनगटाची हालचाल दिसते व आवाजातील फरकही काही प्रमाणात ऐकू येतो, परंतु खालच्या बोटाला जाणवणारा ठोसपणा दिसत नाही. स्पर्शतपासणीत तर हात कोठून कोठे गेला एवढेच दिसते, हाताला काय लागले ते दिसत नाही. यकृताची कडा मऊ आहे की टणक, गाठ त्वचेला चिकटलेली आहे की खालच्या स्नायूला, हे कोणत्याही कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि शिक्षकांनी ते विद्यार्थ्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

कौशल्य शिकवण्याच्या पद्धतींपैकी रॉडनी पेटन या शल्यचिकित्सकांनी १९९८ मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत चित्रफितीची आखणी करताना फार सोयीची पडते. पहिल्या पायरीत शिक्षक काहीही न बोलता, नेहमीच्या वेगाने संपूर्ण कृती करून दाखवतात. दुसऱ्या पायरीत तीच कृती तुकड्यातुकड्याने, प्रत्येक टप्प्याचे कारण सांगत करतात. तिसऱ्या पायरीत विद्यार्थी सांगतो आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे शिक्षक करतात. चौथ्या पायरीत विद्यार्थी स्वतः सांगत सांगत करतो. यांतील पहिल्या दोन पायऱ्या चित्रफितीकडे सोपवता येतात आणि उरलेल्या दोन कधीही सोपवता येत नाहीत, कारण तिसरीत विद्यार्थ्याचे बोलणे ऐकणारा आणि चौथीत त्याचा हात पाहणारा माणूस समोर असावाच लागतो. त्यामुळे प्रत्येक तपासणीच्या दोन स्वतंत्र चित्रफिती कराव्यात, एक निःशब्द व सलग आणि दुसरी निवेदनासह व सावकाश. बहुतेक ठिकाणी फक्त दुसरीच केली जाते. तिच्यात कृतीचे तुकडे इतके पडलेले असतात की संपूर्ण तपासणीची लय विद्यार्थ्यांना कधी दिसतच नाही, आणि परीक्षेत ती अडखळत, आठवून आठवून केली जाते.

यकृताच्या स्पर्शतपासणीचे उदाहरण घेतल्यास आखणी कशी करावी हे स्पष्ट होईल. रुग्ण उताणा, गुडघे किंचित दुमडून, पोट सैल सोडून झोपलेला असावा. तपासणाऱ्याने त्याच्या उजव्या बाजूला राहून, हात ऊबदार करून, तळहात पोटावर सपाट ठेवून उजव्या बाजूच्या ओटीपोटापासून सुरुवात करावी. रुग्ण खोल श्वास आत घेत असताना हात स्थिर ठेवावा, म्हणजे खाली सरकणारी यकृताची कडा स्वतःहून बोटांना येऊन भिडते. श्वास बाहेर सोडला जात असताना हात एक-दोन सेंटिमीटर वर सरकवावा आणि बरगड्यांच्या कडेपर्यंत हेच करीत जावे. या कृतीत विद्यार्थ्यांच्या चुका ठरलेल्या असतात. ते श्वास आत जात असतानाच हात सरकवतात, बरगड्यांच्या अगदी जवळून सुरुवात केल्यामुळे फार वाढलेल्या यकृताची कडा त्यांच्या हाताखालून निसटते, बोटांची टोके पोटात खुपसतात आणि दुखते आहे का हे कळण्यासाठी रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहायचे विसरतात. चांगल्या चित्रफितीत श्वासाच्या तालावर पडद्याच्या कोपऱ्यात ‘श्वास आत – हात स्थिर’ आणि ‘श्वास बाहेर – हात वर’ अशी अक्षरे उमटावीत, आणि शेवटी वरील चुकांपैकी दोन-तीन मुद्दाम करून दाखवून त्या चुका आहेत असे ठळकपणे लिहावे. प्लीहेच्या तपासणीची चित्रफीत याच्या लगेच नंतर ठेवावी, कारण तेथेही सुरुवात उजव्या ओटीपोटापासूनच होते पण हात तिरका डाव्या बरगड्यांकडे जातो, आणि दोन्ही एकापाठोपाठ पाहिल्याशिवाय हा फरक मनावर ठसत नाही.

अशा ठिकाणी पडद्यावर कमीत कमी मजकूर असावा, हे रिचर्ड मेयर यांच्या बहुमाध्यमी शिक्षणाविषयीच्या संशोधनाशी जुळणारे आहे. डोळ्यांनी चित्र पाहायचे आणि कानांनी स्पष्टीकरण ऐकायचे ही विभागणी मेंदूला सोपी जाते. उलट हात हलताना दिसतो आहे, निवेदक बोलतो आहे आणि तेच वाक्य खाली छापूनही येत आहे, अशा वेळी लक्ष तिन्हीकडे विभागले जाते. पार्श्वसंगीत, फिरते बोधचिन्ह आणि संस्थेच्या इमारतीचे लांबलचक दर्शन यांना तर पूर्ण फाटा द्यावा. त्यांनी विद्यार्थ्याला काही मिळत नाही, फार तर उद्‌घाटनाच्या पाहुण्यांना समाधान मिळते. एका चित्रफितीत एकच कृती असावी आणि तिची लांबी तीन ते पाच मिनिटांच्या पुढे शक्यतो जाऊ नये.

चित्रीकरणाला महागडी साधने लागत नाहीत. चांगला मोबाइल, तिपाई आणि कॉलरला लावायचा छोटा माइक एवढ्यावर काम भागते. मात्र कॅमेरा कोठे ठेवावा याचा विचार बारकाईने करावा लागतो. समोरून घेतलेल्या दृश्यात डावे-उजवे उलट दिसते आणि विद्यार्थ्याला मनातल्या मनात चित्र फिरवून घ्यावे लागते, म्हणून मुख्य दृश्य तपासणाऱ्याच्या खांद्यामागून, थोड्या उंचावरून घ्यावे, म्हणजे पाहणाऱ्याला तो हात आपलाच असल्यासारखा दिसतो. छतावरचा पंखा बंद करावा, कारण त्याची घरघर माइकला माणसाच्या कानापेक्षा अधिक ऐकू येते. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. डोळ्याला तो दिसत नसला तरी चित्रात काळे पट्टे सरकताना दिसू शकतात, आणि शटरचा वेग एक-पन्नासांश किंवा एक-शंभरांश सेकंद ठेवला की ते जातात.

रंगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. कॅमेरा प्रकाशाचा रंग ओळखून चित्रातील छटा आपोआप दुरुस्त करीत असतो, त्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. कावीळ झालेल्या डोळ्याचे जवळून चित्रीकरण करताना हीच दुरुस्ती पिवळेपणा खाऊन टाकू शकते. पांडुरता, कावीळ आणि निळसरपणा ही तिन्ही लक्षणे दिवसाच्या नैसर्गिक उजेडात, पांढरा कागद दाखवून व्हाइट बॅलन्स कायम करून आणि मगच चित्रित करावीत. परदेशी संकेतस्थळांवरील उत्तम चित्रफितीही येथे अपुऱ्या पडतात, कारण त्यांतील बहुसंख्य रुग्ण गोऱ्या वर्णाचे असतात आणि सावळ्या त्वचेवरील लाली किंवा निळसरपणा त्यांतून ओळखता येत नाही. तो पापणीच्या आतील भागात, जिभेवर, तळहातावर कसा पाहावा हे इथल्याच रुग्णांवर दाखवावे लागते. तंत्र पाहण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात अब्राहम व्हर्गीस यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘स्टॅनफर्ड २५’ या उपक्रमातील चित्रफिती जरूर पाहाव्यात; पण केवळ त्यांवर विसंबणे पुरेसे नाही.

या अपुरेपणाचे दुसरे कारण भाषेचे आहे. रुग्णतपासणीत हाताइतकेच तोंडही चालवावे लागते. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जात असल्यामुळे महाराष्ट्रातील तुकड्यांत मराठी न येणारे विद्यार्थी असतात, आणि प्रारंभीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेची ओळख करून दिली तरी वॉर्डातल्या आजींना कुशीवर कसे वळायला सांगावे हे त्यांना तेवढ्याने येत नाही. म्हणून चित्रफितीत शिक्षकांनी रुग्णाशी नेहमी बोलतात तसेच बोलावे: ‘काका, आता पोट तपासतो, दुखलं तर लगेच सांगा’, ‘तोंडानं मोठा श्वास घ्या, हळूहळू सोडा’, ‘आजी, या कुशीवर वळा बरं’, ‘एक, दोन, तीन म्हणा, परत म्हणा’. तपासणीपूर्वी नाव सांगणे, परवानगी घेणे, हात धुणे, पडदा ओढणे, लागेल तेवढेच अंग उघडे करणे आणि शेवटी चादर पुन्हा नीट करणे हेही चित्रीकरणात कापू नये. संपादकाच्या कात्रीला हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि तोच पहिल्यांदा जातो. मग विद्यार्थी समजतात की तपासणी पोटापासून सुरू होते.

रुग्णाची संमती हा या कामातील सर्वांत जबाबदारीचा भाग आहे. तंत्र दाखवण्यासाठी आजारी माणसाची गरजच नसते. योग्य मानधन देऊन निरोगी स्वयंसेवकावर ते चित्रित करावे आणि खरा रुग्ण केवळ विशिष्ट लक्षण दाखवण्यापुरता घ्यावा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक नियमांनुसार ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाची छायाचित्रे त्याच्या परवानगीशिवाय नियतकालिकात प्रसिद्ध करता येत नाहीत. ओळख उघड होत नसेल तर संमतीची गरज नाही अशी सवलतही त्याच नियमात आहे. चित्रफितीच्या बाबतीत या सवलतीचा आधार घेणे शहाणपणाचे नाही. डोळ्यांवर काळी पट्टी लावली तरी आवाज, चाल, हातावरचे गोंदण, मागे दिसणारा कॉट क्रमांक आणि उशाशी ठेवलेला केस पेपर यांवरून गावातला माणूस सहज ओळखता येतो. म्हणून संमती नेहमीच लेखी, रुग्णाला समजणाऱ्या भाषेत आणि उपचारांच्या संमतीपासून वेगळी घ्यावी. चित्रफीत कोण पाहील, कोठे ठेवली जाईल, नंतर ती काढून टाकायला सांगता येईल आणि नकार दिल्याने उपचारांत काहीही फरक पडणार नाही, या चार गोष्टी तोंडीही सांगाव्यात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः विचारले तर गरीब रुग्णाला नाही म्हणणे जड जाते, तेव्हा शक्यतो दुसऱ्या कोणी विचारावे. लहान मुलांसाठी पालकांची संमती आवश्यक असते, आणि बेशुद्ध रुग्णाचे चित्रीकरण शिक्षणासाठी करूच नये. फीत शिक्षकांच्या खाजगी मोबाइलवर किंवा व्हॉट्सॲप गटात न ठेवता संस्थेच्या संकेतशब्दाने सुरक्षित केलेल्या जागी ठेवावी; व्हॉट्सॲपवर टाकताना चित्र दाबले जाऊन स्नायूंचे बारीक स्फुरण आणि सूक्ष्म कंप नाहीसे होतात हे एक जास्तीचे कारण. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाल्यापासून या बाबतीतील ढिलाई संस्थेलाही महागात पडू शकते.

आता वापराविषयी. २०१९ च्या प्रवेशापासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात कौशल्ये शिकवण्यासाठी जी सत्रे सांगितली आहेत त्यांत विद्यार्थ्याने प्रात्यक्षिक पाहणे, करणाऱ्याला मदत करणे, प्रतिकृतीवर करणे, देखरेखीखाली करणे आणि मग स्वतंत्रपणे करणे असा चढता क्रम आहे. निवेदनासह असलेली फीत विद्यार्थ्यांनी आदल्या दिवशी पाहून यावी, निःशब्द फीत सत्राच्या आरंभी सर्वांनी मिळून पाहावी आणि ती चालू असताना शिक्षकांनी मध्येच थांबवून ‘आता हात कोठे जाईल, आणि का?’ असे एकेकाला विचारावे. पेटन यांच्या तिसऱ्या पायरीचे काम अशा रीतीने बरेचसे साधते. त्यानंतर स्किल लॅबमध्ये एकमेकांवर, त्यांच्या संमतीने व संकोचाचे अवयव वगळून, सराव करावा आणि मग वॉर्डात जावे.

फीत पाहण्याचा धोकाही ओळखून असावे. कार्डास आणि ओब्रायन या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काहींनी डार्टच्या नेमबाजीची किंवा मूनवॉक नृत्याची चित्रफीत एकदाच पाहिली आणि काहींनी वीस वेळा. वीस वेळा पाहणाऱ्यांचा आत्मविश्वास अधिक होता, प्रत्यक्ष कामगिरी मात्र एकदा पाहणाऱ्यांहून चांगली नव्हती. परीक्षेच्या आदल्या रात्री दुप्पट वेगाने सगळ्या तपासण्यांच्या फिती पाहून काढणाऱ्या विद्यार्थ्याची अवस्था याहून वेगळी नसते. यावर उपाय म्हणजे कॅमेरा उलटा फिरवणे. विद्यार्थ्याने जोडीदारावर केलेली तपासणी मोबाइलवर चित्रित करावी, तपासणी सूचीशी ताडून आधी स्वतः चुका शोधाव्यात आणि नंतर ती शिक्षकांना दाखवावी. स्वतःचा हात श्वास आत जात असताना सरकला हे शिक्षकांनी दहा वेळा सांगून पटत नाही, ते स्वतःच्या फितीत एकदा दिसले की पटते. ही फीत सराव संपताच पुसून टाकण्याचा नियम आधीच सांगून ठेवावा.

मूल्यमापनातही हीच दक्षता हवी. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पिरॅमिडमध्ये माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष व्यवहारात करणे असे चार स्तर आहेत, आणि चित्रफीत विद्यार्थ्याला दुसऱ्या स्तराच्या पुढे नेत नाही. तिसरा स्तर तपासण्यासाठी रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये डंडी येथून मांडलेली ओस्की ही परीक्षापद्धत, जिच्यात विद्यार्थी ठरावीक वेळात एकेका स्थानकावर एकेक कृती करून दाखवतो, आजही सर्वांत सोयीची आहे. तिच्यातील एखाद्या स्थानकावर चालीची किंवा कंपाची फीत दाखवून लक्षण ओळखायला सांगणे योग्य, पण स्पर्शतपासणीच्या जागी फीत दाखवून प्रश्न विचारणे अयोग्य.

ऑनलाइन शिक्षणप्रणालीत कोणत्या विद्यार्थ्याने कोणती फीत किती वेळ पाहिली याची नोंद आपोआप होते आणि ती पाहून विभागाला समाधान वाटणे स्वाभाविक आहे. ती नोंद फार तर हजेरीची आहे. लॉगबुकमध्ये ‘यकृताची तपासणी येते’ या ओळीपुढे सही करण्यापूर्वी शिक्षकांनी त्या विद्यार्थ्याचा हात निदान एकदा तरी रुग्णाच्या पोटावर स्वतः पाहिलेला असावा.